उघडं सांगणं

पहिल्या रविवारी मला वाटलं, कुणाला तरी उचकी लागली आहे. आमचे हे टेबलामागे उभे राहून उपदेश करत होते आणि यांचं वाक्य संपलं रे संपलं की खोलीच्या मधोमध कुठूनतरी "हां" असा आवाज यायचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन उठले. शेजारच्या बाईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि हसू दाबत मधल्या खांबाकडे बोट केलं. खांबाला पाठ लावून एक म्हातारा बसला होता. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. यांनी पुढचं वाक्य संपवलं. म्हाताऱ्याने जरा थांबून, चव घेतल्यासारखं, "हां" म्हटलं.

साठच्या दशकाचा मध्य असेल. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं होतं आणि नगर-सोलापूरकडची बरीच ख्रिस्ती कुटुंबं कामासाठी बोईसरला येऊन राहिली होती. त्यांना पाळक हवा म्हणून यांना पाठवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जवळच सालवडला दोन खोल्या मिळाल्या, त्यातल्या एकीत यांची पुस्तकं आणि दुसरीत आम्ही. सकाळची उपासना बोईसरला एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. ती आटोपली की भाकरी बांधून घेऊन गाडीने पालघर, तिथून मनोरकडे जाणाऱ्या एसटीने मासवण, आणि पुढे नदीच्या कडेकडेने पायी एका आदिवासी पाड्यावर. तिथल्या काही घरांनी आधीच्या पाळकांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता आणि कुडाच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर उभं केलं होतं. खिडकी नव्हती. दार एवढं बुटकं की देवासमोर नाही तरी दारासमोर प्रत्येकाला वाकावंच लागायचं.

उपदेशाबद्दल यांचं मत पक्कं होतं. टेबलामागे उभा असतो तो मी नव्हे, असं म्हणायचे. तिथे मी फक्त निरोप्या. निरोप धन्याचा. तेव्हा ऐकणाऱ्याने मान खाली घालून ऐकावा, शेवटी आमेन म्हणावं आणि घरी जाऊन तसं वागावं. मी विचारायची, टेबलामागे तुम्ही नसता तर घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणतो तो कोण? हे हसायचे नाहीत. उपदेशावरची थट्टा यांना खपत नसे आणि थट्टा केल्याशिवाय मला राहवत नसे. उपदेश चांगला झाला असं नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची आमच्या माहेरी रीतच नव्हती. माझे वडीलही पाळक. आई त्यांना फार तर एवढं सांगायची की आज आवाज मागेपर्यंत आला.

बोईसरची मंडळी यांच्या मनासारखी ऐकायची. इस्त्रीचे शर्ट, चापून बसवलेले केस, आणि तासभर कुणी खोकायचंसुद्धा नाही. शेवटी सगळ्यांचं आमेन एकदम. दाराबाहेर पाय पडला की कुणाला बढती मिळाली आणि कुणाचा मेहुणा कामाला लागला यावर गप्पा सुरू. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हणायची. हे म्हणायचे, पेरणाऱ्याने पेरावं.

पाड्यावरचं सगळं वेगळंच होतं. तिथे कुणी काही सांगायला बसलं, मग ती जुनी गोष्ट असो की कुणाच्या मरणाची हकिकत, तर एकाने हुंकार द्यायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हा हुंकार म्हणजे नुसतं "ऐकतोय" नव्हे. "हां" म्हटलं की ते वाक्य पाड्याने पदरात घेतलं. पटलं नाही तर हुंकार देणारा गप्प राहायचा. सांगणाऱ्याने मग तेच पुन्हा सांगायचं. तिसऱ्यांदाही हुंकार आला नाही तर ते वाक्य ज्याचं त्याने परत घ्यायचं, त्यात भांडण नाही. पाड्यावरचा हा हुंकार कितीतरी वर्षं त्या म्हाताऱ्याकडे होता. सगळे त्याला आजा म्हणत. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याचं काम काही सुटलं नाही. आधी तो भुताखेतांच्या गोष्टींना हुंकार द्यायचा, आता आमच्या उपदेशाला देऊ लागला, इतकंच.

सुरुवातीला यांना त्याची गंमत वाटली. मग लक्षात आलं की पाडा यांच्याकडे बघतच नाही, आज्याकडे बघतो. एका रविवारी हे क्षमेवर बोलले आणि ओघात ताडीवरही बोलले. क्षमेला आज्याने मोकळा हुंकार दिला. ताडीला तीनदा गप्प बसला. पुढच्या आठवड्यात बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ बोलायला लागले, आणि त्या आनंदात दोघं मिळून ताडी प्यायले. मी पोट धरून हसले. हे मात्र परतीच्या एसटीत तोंड फिरवून बसले. घरी आल्यावर म्हणाले, निरोप कुणाचा आणि चाळतोय कोण! बोईसरच्या एका वडीलधाऱ्या सभासदानेही कान भरले, की ही बेशिस्त आहे, उपदेश म्हणजे काय पंचायत आहे?

भाताची कापणी झाली होती. त्या रविवारी उपासनेआधी यांनी आज्याला बाजूला घेतलं. रागावून नाही, हे रागावायचे तेही हळू आवाजात. सांगितलं की देवाच्या वचनात मध्ये बोलायचं नाही, यापुढे हुंकार बंद, सगळ्यांनी शांत बसून ऐकायचं. आज्याने नीट ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडला होता, त्यामुळे तो माणसाच्या जरा डावीकडे बघून बोलायचा.

"बाबा, तुमी सांगाल तसा," तो म्हणाला. "पन हुंकार नाय तं सांगनं उगडं ऱ्हातं. उगड्या सांगन्याला कोन बी हां म्हनतं."

यांनी मान हलवली आणि आत गेले. आजा खांब सोडून दारापाशी जाऊन बसला.

त्या दिवशी यांचा उपदेश अडखळत सुरू झाला. वाक्य संपलं की हे नकळत थांबायचे, खांबाकडे बघायचे, तिथे कुणी नसायचं. सगळ्यांच्या माना खाली. बाहेर लख्ख ऊन, आत कुडाच्या फटींतून येणारे उजेडाचे पट्टे, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास. मग यांचं एक वाक्य संपलं, आणि "हां" आलं.

मी आधी आज्याकडे बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि वरून त्याने हात धरला होता. आवाज दाराकडून आलाच नव्हता. तो यांच्या पाठीमागून आला होता, भिंतीच्या पलीकडून. पुढच्या वाक्याला पुन्हा आला. आज्याचा हुंकार वाक्याचं वजन करून यायचा. हा लगेच यायचा, वाक्य पुरतं संपायच्या आधीच, झोपेतल्या माणसाने हो म्हणावं तसा. मी लेकराला बाहेर न्यायचं निमित्त करून शेजारणीचं पोर उचललं आणि मागे जाऊन पाहिलं. भाताच्या पेंढ्यांची उडवी, कापलेल्या शेताचे सड, आणि त्यापलीकडे ऐनाची झाडं. माणूस नाही, जनावर नाही. मी उभी होते तेवढ्यात आत यांचं वाक्य संपलं आणि माझ्या आणि भिंतीच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, कुणीतरी "हां" म्हणालं. पोराने माझ्या मानेत तोंड खुपसलं. मी आत कशी आले ते मला आठवत नाही.

परतताना मी यांना काही विचारलं नाही. हे खुशीत होते. म्हणाले, आज मंडळी कशी एकचित्ताने ऐकत होती, बघितलंस? मी म्हटलं, बघितलं.

पुढच्या रविवारी तो आवाज पहिल्या वाक्यापासून होता. आता यांचं अडखळणं गेलं. इतकं सरळ, इतकं भरून बोलताना मी यांना कधीच ऐकलं नव्हतं, आणि तेच मला आवडेना. हे स्वभावाने नाकासमोर चालणारे; तिथे मात्र वाक्यामागून वाक्य कडक होत चाललं. हुंकार यायचा आणि हे आणखी एक पाऊल पुढे टाकायचे. बोलता बोलता म्हणाले की जुन्या देवांपुढे वाजलेलं काही घरात ठेवू नये. "हां." पुढच्या खेपेला कळलं की एका घराने आपला तारपा पायाखाली घालून फोडला. भोपळ्याचं ते लांब वाद्य तीन पिढ्यांचं होतं. त्या घरच्या सुनेला मी विचारलं की असं का केलंत, तुम्हाला एवढं प्रिय होतं ते. ती म्हणाली, "सासऱ्यानंच हां म्हनलं, बाय. मी माज्या कानानं आयकलं." तिचा सासरा मरून बरीच वर्षं झाली होती.

मग तो तिसरा रविवार. पाड्यावरच्या एका तरुण बाईचं मूल तापाने फणफणलं होतं. तान्हंच होतं. ताप उतरेना, दूध घेईना. तिचं पहिलंही असंच गेलं होतं. मी पोचल्या पोचल्या त्याच्या कपाळाला हात लावला आणि तिला सांगितलं की उन्हं कलली की जी गाडी येते तिने तू आणि मी पालघरच्या दवाखान्यात जायचं. ती लगेच तयार झाली. भाकरी, एक लुगडं, पोराचं फडकं असं गाठोडं बांधून ती माझ्या शेजारी येऊन बसली. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही उपासनेला बसलो. मूल तिच्या मांडीवर होतं. त्याच्या श्वासाची घरघर मला ऐकू येत होती.

हे येशूच्या वस्त्राच्या काठाला शिवून बऱ्या झालेल्या बाईवर बोलत होते. हुंकार पाठोपाठ येत होता. विश्वासाने डोंगर हलतो. "हां." विश्वासापुढे वैद्य कोण? "हां." आणि मग हे म्हणाले, "ज्याचा विश्वास खरा, त्याला औषधाची गरज नाही."

"हां."

माझ्या शेजारी ती बाई हलली. तिने गाठोडं पुढे ओढलं, शांतपणे गाठ सोडली, भाकरी काढून बाजूला ठेवली आणि लुगडं पुन्हा झटकून घडी घालू लागली. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. सुटल्यासारखी दिसत होती ती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डोकं जरा ठणकलं की गोळी शोधणारा हा माणूस, आणि हा सांगतो औषध नको! पण रागापेक्षा भीती मोठी होती. हे थांबणार नव्हते. यांना थांबवायला कुणी नव्हतंच. मी दारापाशी बघितलं. आज्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि त्याचे खांदे थरथरत होते. त्याने शब्द दिला होता, तो मोडणारा नव्हता. त्याचे ते पांढुरके डोळे माझ्या जरा डावीकडे लागले होते, म्हणजे माझ्याकडेच.

बायकांनी हुंकार द्यायची रीत नव्हती. मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान वर केली. हे म्हणाले, "देव आपल्या लेकरांना टाकत नाही."

"हां," मी म्हटलं. मोठ्याने.

भिंतीमागून आवाज आला नाही. हुंकाराची जागा भरली होती. हे चपापून माझ्याकडे बघायला लागले, आणि सुटलेला धागा पकडायला त्याआधीचंच वाक्य यांनी पुन्हा घेतलं. "म्हणून सांगतो, ज्याचा विश्वास खरा, त्याला औषधाची गरज नाही."

मी गप्प राहिले. मागून हुंकार येतो की काय, म्हणून माझे कान भिंतीकडे लागले होते. माझ्या शेजारी लुगड्याची घडी अर्धी राहिली. सगळ्यांच्या माना वर आल्या. पाड्याला आपली रीत पाठ होती; आता वाक्य दुसऱ्यांदा येणार हे पोरांनाही कळत होतं. यांनी ते दुसऱ्यांदा म्हटलं, आवाज खाली आला होता. मी यांच्या डोळ्यांत बघत राहिले आणि ओठ उघडले नाहीत. तिसऱ्यांदा हे "ज्याचा विश्वास खरा" एवढंच म्हणाले आणि थांबले. मूल घरघरत होतं. यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं असावं.

"हे वाक्य माझं आहे," हे म्हणाले. "निरोपात नव्हतं. मी परत घेतो."

"हां," दारातून आजा म्हणाला.

उपासना तिथेच संपली. आमेनही झालं नाही. त्या बाईने गाठोडं पुन्हा बांधलं, आणि रस्त्यापर्यंत मूल यांनी स्वतः उचलून नेलं. धावतच. पालघरला डॉक्टरांनी आम्हाला तोंडभर बोलणी दिली, आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं म्हणाले. मूल वाचलं. होळीला मी पाड्यावर गेले तेव्हा ते रांगत होतं आणि माझ्या चपलेचा पट्टा चावत होतं.

यांनी आज्याची माफी मागितली आणि त्याला खांबापाशी परत बसवलं. भिंतीमागचा आवाज पुन्हा कधी आला नाही. आज्याने मात्र मला जवळ बोलावून घेतलं. "बाय, सांगनारा सांगून जातो," तो म्हणाला. "हां म्हननाऱ्याला त्याच्यात ऱ्हावं लागतं. तू तोंड उगडलंस. आता तुला सुटका नाय."

खरंच नाही मिळाली. पाड्यावर तर नाहीच, पण पुढे ज्या ज्या गावी बदली झाली तिथल्या मोठाल्या चर्चमध्येही, जिथे तोंडाने हुंकार दिला असता तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, तिथे मी पुढच्या बाकावर बसून मानेने हुंकार द्यायची. पटलं तर मान हलायची, नाही पटलं तर हलायची नाही. हे बघायचे. कितीदा तरी मी यांना वाक्य परत घेताना पाहिलं आणि कुणाला कळलंही नाही. थट्टा मी सोडली नाही, चांगला झाला असंही कधी म्हटलं नाही. आणि भिंतीमागच्या त्या आवाजाबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, यांनाही माझ्यासारखीच भीती वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही केळव्याला माझ्या भाच्याच्या वाडीत राहायला गेलो. एका दुपारी सुपारीच्या झाडांखाली खाट टाकून बसलो होतो. भाच्याकडचे सगळे लग्नाला गेले होते. वारा पडला होता. हे मध्येच म्हणाले, "एक विचारायचं राहिलंय. पाड्यावर त्या दिवशी औषधाच्या वाक्याला तू आधी हां म्हणालीस. मग त्याच वाक्याला गप्प का राहिलीस?"

मी म्हटलं, त्या वाक्याला मी कधीच हां म्हटलं नाही. त्या दिवशी मी एकदाच तोंड उघडलं, ते देव लेकरांना टाकत नाही याला. त्याआधी कधीच नाही.

यांनी हातातली सुपारी खाटेवर ठेवली.

"मला तो आवाज तुझा वाटत होता," हे म्हणाले. "पदराआडून तू म्हणतेस असं वाटायचं. तू कधी चांगला झाला म्हणाली नव्हतीस ना. म्हणून मी बोलत गेलो."

मला रडू येत होतं आणि काहीतरी चावरं बोलून ते उडवून द्यावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. यांचं वाक्य संपलं होतं, आमच्या पाठीमागे वाडी शेवटच्या कुंपणापर्यंत रिकामी होती, आणि कुठे पानही हलत नव्हतं. एरवी मी वाक्याचं वजन केल्याशिवाय मान हलवत नाही. त्या दिवशी मी विचार करायला थांबले नाही.

"हां," मी घाईघाईने म्हटलं, दुसरं कुणी म्हणायच्या आत.